संक्रांत, चंद्रकळा आणि खांद्यावरचे तीळ (कोरडा कोंडा : तेल वाढवायचं की थांबवायचं?)

चिऊताई_भांडुप | १५ जानेवारी, रात्री १०:५२

काल सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वर्षातून एकदाच अंगाला लागणारी काळी चंद्रकळा मोठ्या हौसेने नेसले. शेजारच्या काकू कुंकू लावता लावता थबकल्या, माझ्या खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, तीळ सांडलेत का तुझ्या अंगावर?" तीळ नव्हते. ते त्यांना कळलं, मला कळलं, आणि दोघींनीही ते तीळच आहेत असं ठरवून टाकलं.

वय ३४. ऑफिस बीकेसीत, एसीचा झोत नेमका माझ्या डोक्यावर. कोंडा पांढरा, बारीक, कोरडा. भांग पाडला की पिठीसाखर भुरभुरावी तसा पडतो. खाज येते, न्हायल्यावर टाळू ओढल्यासारखी वाटते. कॉलेजपासून थोडाफार होताच, पण दिवाळीनंतर उच्छाद मांडलाय. आईचं निदान: टाळू कोरडी पडली, तेल कमी पडतंय. म्हणून आठवड्यातून तीन रात्री खोबरेल चोपडून झोपते. पार्लरवाली म्हणते तेल आजपासून बंद. मधल्या काळात लिंबू, दही, कडुनिंबाचं पाणी, कांद्याचा रस (त्या रात्री नवऱ्याने हॉलमध्ये बिछाना टाकला) सगळं करून झालं.

प्रश्न एवढाच: कोंडा कोरडा असेल तर तेल वाढवायचं की थांबवायचं?

खवट_खोबरं | १५ जानेवारी, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतोय. गेली बारा वर्षं मी फक्त पांढरे आणि फिकट शर्ट घेतो. लोकांना वाटतं साधी राहणी.

पिठलं_भाकरी | १५ जानेवारी, रात्री ११:११

भुकेला कोंडा, निजेला धोंडा. निम्मी सोय तर झाली तुमची.

दादरची_माई | १६ जानेवारी, सकाळी ६:४०

पार्लरवालीचं अजिबात ऐकू नकोस ग. माझं वय ६८. आमच्याकडे रविवारी न्हाणं असायचं. आदल्या रात्री आई खोबरेल कोमट करून त्यात कापराची वडी चुरायची आणि बोटांच्या पेरांनी मुळाशी जिरवायची. सकाळी बंबाचं पाणी, आणि शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा उकळून गाळलेलं. आम्ही पाच बहिणी, एकीच्याही डोक्यात कोंडा नाही. तुमचे ते फेसाचे डबे आले आणि टाळूचं वाळवंट झालं. तेल वाढव.

बोरीवली_स्लो | १६ जानेवारी, सकाळी ९:१८

लोकलमधून लिहितोय, एका हाताने.

लिंबू! कृपा करून कुणी लिंबू लावू नका. कॉलेजात असताना मित्राच्या सल्ल्याने रविवारी सकाळी दोन लिंबं डोक्यावर पिळली, धड न धुता गोराईला गेलो. दुपारभर उन्हात. रात्री कपाळ भाजल्यासारखं लाल, आणि दोन दिवसांनी रस ओघळला होता तिथे तिथे काळपट पट्टे. अगदी ओघळाच्याच आकाराचे, भुवईपर्यंत. ते जायला दोन महिने लागले. डॉक्टर म्हणाले लिंबाच्या रसात असं काही असतं की ते कातडीवर असताना ऊन लागलं की ती पोळते. कोंडा? होता तिथेच होता. कान्दिवली आलं, उरलेलं नंतर.

कातडीबचाव | १६ जानेवारी, दुपारी २:२५

पेशाने त्वचारोगाचा डॉक्टर, सदस्यनाम त्यावरूनच. न बघता निदान करत नाही, पण धागा काढलात ते बरं केलंत, कारण गोंधळ 'कोरडा कोंडा' ह्या शब्दातच आहे. ह्या एका नावाखाली दोन निराळी माणसं माझ्याकडे येतात.

एकाची नुसती टाळू कोरडी असते. कढत पाणी, एसी, कडक शाम्पू यांनी कातडीतला ओलावा उडतो आणि थंडीत ओठ फुटावेत तशी टाळू फुटते. ह्या माणसाच्या नडग्याही बहुधा पांढऱ्या पडलेल्या असतात, नखाने ओढलं तर रेघ उमटते.

दुसऱ्याला खरा कोंडा असतो. त्यात मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो. यीस्टच्या जातीची आहे. ती तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच डोक्यावर असते, त्यामुळे 'कुणाचा कंगवा वापरलास' ह्या चौकशीला अर्थ नाही (उवांची गोष्ट वेगळी). तिला स्वतःपुरती चरबीसुद्धा बनवता येत नाही, म्हणून ती आपल्या टाळूतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. ते तेल फोडते, हवं तेवढं खाते आणि ओलिइक आम्ल मागे टाकते. काहींच्या कातडीला ते चालतं, काहींच्या नाही. ज्यांना चालत नाही त्यांची टाळू चुरचुरते आणि घाईघाईने नवे थर वर ढकलू लागते. एरवी कातडीची पेशी तळापासून वर येऊन गळायला महिनाभराच्या आसपास लागतो आणि त्या सुट्या सुट्या गळतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. घाई झाली की कच्च्याच, एकमेकींना चिकटून गळतात. तो पुंजका म्हणजे काकूंना दिसलेला तीळ.

आता मुद्दा. हा खरा कोंडा बेताचा असेल तर तोही पांढरा, बारीक, कोरडाच दिसतो! पिवळट, तेलकट पोपडे असले की ओळखायला सोपं, नसले की लोक कोरडेपणाला दोष देतात. शिवाय हिवाळ्यात दोन्ही वाढतात, म्हणून ऋतूवरून काही ठरत नाही.

चिऊताई, उजेडात आरशासमोर उभ्या राहा. भुवया, नाकाच्या कडा, कानामागची घडी. तिथे पापुद्रे किंवा लाली आहे का? मग नडग्या बघा. आणि आठवड्यातून डोक्यावरून किती वेळा न्हाता ते सांगा.

पिठलं_भाकरी | १६ जानेवारी, दुपारी २:४०

म्हणजे डॉक्टर, रात्री तेल लावून झोपणं म्हणजे बुरशीची पंगत बसवणं?

कातडीबचाव | १६ जानेवारी, दुपारी २:४४

वाढपीही आपणच आणि आग्रहही आपलाच.

दादरची_माई | १६ जानेवारी, दुपारी ४:०२

हे बरंय. हजार वर्षं लोक तेल लावतायत ते काय बुरशी पोसायला? आयुर्वेदात ह्याला दारुणक म्हटलंय आणि त्यावर तेलंच सांगितली आहेत. आणि आमच्या पाच बहिणींचं काय?

कातडीबचाव | १६ जानेवारी, रात्री ९:३०

@माई, तुमच्या आईंची पद्धत मी पुन्हा वाचली. शनिवारी रात्री तेल, रविवारी सकाळी रिठ्याने खसखसून स्वच्छ. रिठ्यात फेस आणणारी द्रव्यं असतात, तोही एक शाम्पूच. तेल लागायचं आणि बारा तासांत निघायचंही. आज लोक पहिली अर्धी गोष्ट करतात आणि दुसरी विसरतात.

खोबरेलाबद्दल आमच्यातही सगळे एका सुरात बोलत नाहीत. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि ही बुरशी तसल्या चरबीवर वाढू शकते. दुसरीकडे ज्यांची टाळू नुसती कोरडी आहे त्यांना त्याने बरं वाटतं, हेही पाहिलंय. चिकटून बसलेले पोपडे सुटायला न्हाण्याआधी तासभर तेल लावणं मी स्वतः सांगतो. पण कोंडा असताना तीन तीन दिवस मुरवत ठेवू नका. आणि कापूर जपून, खाजवून सोललेल्या टाळूला तो चांगलाच झोंबतो.

मीरारोडची_मीरा | १६ जानेवारी, रात्री ९:५१

पाण्याबद्दल कुणी बोलतच नाही. लग्नाआधी मी माटुंग्याला, तलावाचं पाणी. इथे आल्यावर टँकर आणि बोअरवेल. बादलीला पांढरा थर, नळाच्या तोंडाला खवल्या, आणि माझे केस काथ्या. कोंडा इथे आल्यावरच सुरू झाला. साबणाचा फेसच होत नाही.

कातडीबचाव | १६ जानेवारी, रात्री १०:०६

@मीरा, साबणाचा? डोक्याला अंगाचा साबण लावता का?

मीरारोडची_मीरा | १६ जानेवारी, रात्री १०:०९

... नवरा लावतो. मी कधी कधी.

कातडीबचाव | १६ जानेवारी, रात्री १०:१५

जड पाण्यात साबण फुटतो आणि त्याचा राखाडी चोथा केसांना चिकटतो. तुम्ही कोंडा म्हणताय त्यातला बराचसा तो असू शकेल. शाम्पूचा तसा चोथा होत नाही. आधी साबण बंद करून बघा, शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. पाण्याने केस राठ होतात हे खरं, पण सगळा कोंडा टँकरवर ढकलू नका.

बोरीवली_स्लो | १६ जानेवारी, रात्री १०:२०

मीराच्या नवऱ्याची आज खैर नाही.

चिऊताई_भांडुप | १७ जानेवारी, सकाळी ७:३०

डॉक्टर, बाल्कनीत जाऊन मोबाईलचा कॅमेरा लावून बघितलं. भुवयांच्या आत बारीक पापुद्रे आहेत. मला वाटायचं फेसवॉशने कोरडं पडतंय. कानामागे डाव्या बाजूला लालसर आहे, चष्म्याची काडी टेकते तिथे, तेही मी चष्म्यावर ढकललं होतं. नडग्या मात्र ठणठणीत, रेघ वगैरे काही नाही.

आणि न्हाणं... आठवड्यातून एकदा, रविवारी. केस गळतात म्हणून जास्त वेळा धुवायला भीती वाटते. म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार तेल आणि रविवारी शाम्पू. लिहिताना माझं मलाच ऐकू येतंय.

खवट_खोबरं | १७ जानेवारी, सकाळी ७:४१

मी पण भुवया बघितल्या. बोलत नाही.

कातडीबचाव | १७ जानेवारी, दुपारी १:५०

@चिऊताई, मग ह्याला कोरडी टाळू म्हणणं अवघड आहे. महिनाभर टाळूला तेल नको. औषधाच्या दुकानात दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. कुठल्याही औषधी शाम्पूत सगळे जिथे चुकतात ती गोष्ट वेळेची: फेस केला आणि धुऊन टाकला की औषधाला काम करायला सवडच मिळत नाही. फेस टाळूवर तीन ते पाच मिनिटं राहू द्या, आणि केसांवर नाही, भांगाभांगातून टाळूवर. तेवढ्यात दात घासा, अंग धुवा. त्याचाच थोडा फेस भुवयांना आणि कानामागे, डोळे मिटून. केसांच्या लांबीला कंडिशनर लावा, नाहीतर राठ होतील. पाणी कोमट. गिझरच्या वाफेत टाळू शेकू नका.

केस धुतल्याने गळत नाहीत. गळायला आलेलेच तेव्हा हातात येतात, आणि आठवड्याचे एकदम आले की भीती वाटते. कोंड्याच्या खाजवण्यानेच उलट जास्त तुटतात.

आणखी एक, हे मुळासकट जाणारं दुखणं नाही. बुरशी तिथेच राहणार. आटोक्यात आलं की आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा तोच शाम्पू चालू ठेवायचा. महिन्याने फरक नसेल, किंवा गरोदर असाल, तर आधी प्रत्यक्ष डॉक्टरला दाखवा.

रसायनबाई | १७ जानेवारी, दुपारी ४:१२

माझी बहीण जर्मनीत असते. ती म्हणते झिंक पायरिथिऑनवाल्या शाम्पूवर तिकडे बंदी आहे आणि तुम्ही इथे डोक्याला चोळताय. खरं का? आमच्या घरी तीच बाटली आहे.

कातडीबचाव | १७ जानेवारी, सायंकाळी ६:३५

बंदी खरी आहे. युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत ते बंद केलं. ते द्रव्य प्रजननाला घातक अशा वर्गात टाकलं गेलं, आणि तिथल्या नियमात पर्याय उपलब्ध असेल तर असं द्रव्य प्रसाधनात ठेवत नाहीत. पण धुऊन टाकायच्या शाम्पूने लोकांना अपाय झाला म्हणून बंदी आली, असं नाही. भारतात ते चालतं. मनाला पटत नसेल तर दुसरं घ्या, किटोकोनॅझोल आहे, सेलेनियम सल्फाइड आहे (केस रंगवत असाल तर हे नको), जाड पोपड्यांना सॅलिसिलिक आम्ल आहे.

वाचाळ_वाचक | १७ जानेवारी, रात्री ८:००

अवांतर: शाम्पू हा शब्द आपलाच आहे. हिंदीतल्या 'चाँपो'वरून गेला, म्हणजे दाबा, चेपा. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले दीन महोमेद नावाचे गृहस्थ इंग्लंडला गेले. १८१० साली लंडनमध्ये त्यांनी हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं, ते बसलं. मग ब्रायटनला वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं आणि ते इतकं चाललं की चौथ्या जॉर्जचे ते 'शाम्पूइंग सर्जन' झाले. तेव्हा शाम्पू म्हणजे मालिश. डोकं धुण्याचा अर्थ नंतर चिकटला.

दादरची_माई | १७ जानेवारी, रात्री ८:०७

म्हणजे शाम्पू मुळात तेलमालिशच. मी काय वेगळं सांगत होते?

पिठलं_भाकरी | १७ जानेवारी, रात्री ८:०९

माई १, बुरशी ०.

लालबागचा_बोका | १८ जानेवारी, रात्री १२:३०

धागा हसतखेळत चाललाय, पण माझं सांगतो. दोन वर्षं मी 'कोंडा' म्हणून जे धुतलं ते सोरायसिस निघालं. पोपडे जाड, चंदेरी, आणि केसांची रेषा ओलांडून कपाळावर उतरलेले. औषधाच्या दुकानदाराने एक लोशन दिलं, चार दिवसांत जादू. बंद केलं की दुप्पट. पुन्हा लोशन, पुन्हा जादू. दीड वर्ष हा खेळ. त्यात स्टेरॉइड होतं हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, मी वाचलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

शेवटी पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढला. बाई डॉक्टर होत्या. त्यांनी डोक्याकडे बघितलंच नाही आधी. म्हणाल्या बाह्या वर करा. कोपरावर एक खडबडीत चट्टा होता, मी समजत होतो टेबलावर टेकून झालाय. मग हात पुढे करायला लावले. नखांवर बारीक खड्डे, शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात ना, तसे. त्यानंतर डोकं बघितलं, तेही अर्धं मिनिट.

कातडीबचाव | १८ जानेवारी, सकाळी ८:१५

@बोका, तुमचा प्रतिसाद माझ्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा उपयोगी आहे. ह्याला जोड एवढीच: लहान मुलाच्या डोक्यात कोंड्यासारखं दिसतंय आणि त्या गोल चट्ट्यात केस तुटलेत, तर तो बहुतेक नायटा. त्याला नुसता शाम्पू पुरत नाही, पोटातून औषध लागतं.

सांजवात | १८ जानेवारी, सकाळी ११:२२

वडिलांना पार्किन्सन्स आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भुवया आणि कपाळ सारखं सोलायला लागलं, दाढीतही. मला वाटायचं आंघोळ घालणारे मामा नीट पुसत नाहीत, त्यांना मी बोललेही. मग मेंदूच्या डॉक्टरांनीच सांगितलं की ह्या आजारात हे बऱ्याच जणांना होतं, चेहऱ्याला तेल जास्त सुटतं. आता दर आठवड्याला शाम्पूचा फेस लावून मी पाच मिनिटं त्यांच्यासमोर स्टुलावर बसते. बाबा आकडे मोजतात, तीनशेपर्यंत. दोनशेच्या पुढे कधी कधी चुकतात. मग पुन्हा दोनशेपासून.

मामांची माफी मागितली.

खवट_खोबरं | १८ जानेवारी, सकाळी ११:४०

@सांजवात, ___/\___

बोरीवली_स्लो | १८ जानेवारी, सायंकाळी ७:५५

एसी लोकलमध्ये पुढच्या माणसाच्या काळ्या कोटावर हाच सगळा धागा पसरलेला दिसतोय. सांगू का त्याला?

पिठलं_भाकरी | १८ जानेवारी, सायंकाळी ७:५७

म्हणा, तीळ सांडलेत.

चिऊताई_भांडुप | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४५

धागा वर काढतेय. आज रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, म्हणून मुद्दाम चंद्रकळाच नेसले. खांदा अगदी कोरा होता असं म्हणणार नाही, चार-पाच होते. पण काकूंना वाण देताना मान वाकडी करावी लागली नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. तेल नसल्याने केस झाडूसारखे, आणि पाच मिनिटं म्हणजे किती मोठी असतात! दुसऱ्या शाम्पूनंतर खाज थांबली, ते रात्री झोपताना लक्षात आलं, कारण हात डोक्याकडे गेला नाही. भुवया स्वच्छ. कानामागची लाली फिकट झालीय. ऑफिसात खुर्ची एसीखालून सरकवून घेतली, त्याने टाळू ओढल्यासारखी वाटणं कमी झालं, म्हणजे थोडा कोरडेपणाही होताच. आईचं पूर्ण चुकलं नव्हतं, हे मी तिला सांगणार नाहीये.

आता खरी अडचण. आई शुक्रवारी चिपळूणहून येतेय. 'तुझ्या डोक्यासाठी' घाण्यावरचं खोबरेल आणतेय. दोन लिटर. काय करू?

मीरारोडची_मीरा | ४ फेब्रुवारी, रात्री ९:५८

केसांच्या टोकांना लाव, टाळू सोडून. न्हाण्याआधी तासभर. आईला लांबून दिसतं तेवढं पुरतं. (आमच्याकडे साबण हद्दपार. नवऱ्याचा कोंडा निम्मा झाला, माझे केस तसेच काथ्या.)

पिठलं_भाकरी | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०१

घावन. घाण्यावरच्या खोबरेलाचे घावन करा आणि मला बोलवा.

दादरची_माई | ४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

घावनात दोन लिटर जिरणार आहे का? एक लिटर मला दे. घाण्याचं मिळतंय कुठे आता. शनिवारी संध्याकाळी सहाला दादर पश्चिमेला फूलमार्केटच्या जिन्याखाली उभी राहते, हातात निळी कापडी पिशवी असेल. आणि डॉक्टरांना सांगा, रविवारी रिठ्याने धुणार आहे.